आम्ही खाली सही करणारे

‘आम्ही खाली सही करणारे, नेरूळ येथील कनिष्ठ मध्यमवर्गीय रहिवासी’ एवढं लिहून झालं आणि जयप्रकाश पाईकरावाचा हात थांबला. थांबण्यासारखं काही घडलं नव्हतं. पेनात शाई होती, फुलस्केप कागदाखाली लेकीचा, मीनाचा, नकाशांचा मोठा अॅटलास होता, रविवारची सकाळ होती आणि आत बायको, जयमाला, कांदा चिरत होती. समोरच्या मोकळ्या प्लॉटवरून खडी फोडल्याचा आवाज येत होता. पण तो दिवाळीपासून येतच होता, कान त्याला सरावले होते. तरी पेनाचं टोक ‘रहिवासी’च्या शेवटच्या अक्षरावर टेकून राहिलं आणि तिथे शाईचा एक ठिपका हळूहळू फुगत गेला. बारा वर्षं सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून दुसऱ्यांचे मसुदे लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असा ठिपका पडणं ही तशी नामुष्कीचीच गोष्ट. त्याने टिपकागद दाबला आणि ओळ पुन्हा वाचली. ओळ चांगली होती, वजनदार होती. फक्त नजर पुन्हा पुन्हा ‘आम्ही’वर जात होती.

‘कनिष्ठ मध्यमवर्गीय’ हा शब्द त्याचाच होता. आदल्या संध्याकाळी जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांसमोर, सोसायटीची मीटिंग भरली होती. विषय एकच, समोरच्या झोपड्या. परुळेकर सेक्रेटरी. औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर, मूळचा वेंगुर्ल्याकडचा, माणूस मनाने वाईट नाही. कुणाच्या घरी ताप आला तर पहिला तोच रिक्षा शोधायला धावायचा. तो म्हणाला, “अर्जात आपण कोण ते पयल्याच लाइनीत कळलं पायजे. नायतर साहेब वाचतच नाय.” कुणीतरी म्हणालं, घराच्या कागदावर ‘अल्प उत्पन्न गट’ आहे, तेच घाला. परुळेकराने हात झटकला. “अल्प म्हटला की गरीब आला. मग साहेब बोलेल, तुमी पण गरीब, ते पण गरीब, राहा की बाजूबाजूला.” लोक हसले. मग नुसतं मध्यमवर्गीय घाला, दुसरा म्हणाला. “म्हणजे उद्या विचारतील, फ्रिज आहे का, स्कूटर आहे का?” आणि खरंच की, फ्रिज अख्ख्या बिल्डिंगमध्ये एक होता, तोही उन्हाळ्यात बंद पडणारा. आपण नेमके कोण, हा प्रश्न चाळीस बिऱ्हाडांच्या कर्त्या माणसांना एकदम पडला. तेव्हा मीटिंगला नेहमी मागे, पेट्यांना टेकून उभा राहणारा जयप्रकाश म्हणाला, “कनिष्ठ मध्यमवर्गीय.” माना वळल्या. परुळेकर क्षणभर शब्द तोंडात घोळवत राहिला आणि मग त्याने जयप्रकाशच्या पाठीवर थाप मारली. “वा, पाईकराव! टेन्शनच संपलं. अर्ज तुमीच लिवा. तुमचं अक्षर मोत्यासारखं.” दोन मजले चढून घरी येताना जयप्रकाशला गुडघ्यांत विलक्षण हलकं वाटत होतं.

हा शब्द त्याने कचेरीत येणाऱ्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखात प्रथम वाचला त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तो त्याने जवळ बाळगला होता. गावात त्याला जन्माबरोबर एक शब्द मिळाला होता, तो बदलता येत नव्हता. आईबापांनी धम्म घेतला तेव्हा गावाने तो मनात तसाच ठेवला आणि फक्त उच्चार बदलला. वसतिगृहात दुसरा शब्द मिळाला, कचेरीच्या फायलीत तिसरा. पण हा चौथा शब्द असा होता की त्यात परुळेकरही बसत होता, वरच्या मजल्यावरचे साताऱ्याचे मास्तरही बसत होते आणि तोही बसत होता. कुणी कुणाला सरकून घे म्हणायची गरज नव्हती. इथे यायला फक्त ठरावीक पगार लागत होता, दाराला पडदा लागत होता, रॉकेलचा स्टोव्ह पाहुण्यांच्या नजरेआड ठेवून गॅसची शेगडी पुढे ठेवावी लागत होती, आणि कपबशांचा एक संच असा ठेवावा लागत होता की ज्यातून घरातलं कुणी कधीच चहा पीत नाही. हे सगळं त्याने केलं होतं. राहायला आला त्या आठवड्यात परुळेकराने विचारलं होतं, “पाईकराव म्हणजे तुमी नांदेडसायडचे काय?” तो म्हणाला होता, “परभणी.” तेवढ्यावर ते थांबलं. कोकणातल्या माणसाला मराठवाड्याच्या आडनावाचा पत्ता लागत नाही. जयप्रकाश खोटं बोलला नव्हता. फक्त विचारल्याखेरीज सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, आणि चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, दार उघडलं की दाराआड जाईल अशी होती. आठ दिवसांपूर्वी तुरी झाल्यावर माय गावाहून आली, तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, “बाबा आत कामून?” जयमाला म्हणाली, बाहेरच्या भिंतीत खिळा जात नाही, सिमेंट आहे. माय त्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे सोसायटीने वाटलेलं कॅलेंडर खिळ्याला टांगलेलं होतं.

तो उठून खिडकीशी गेला. प्लॉटवर वीस-बावीस झोपड्या होत्या. बारदान, पत्रे, डांबराच्या पिंपांचे चपटे केलेले तुकडे. पलीकडे नवीन रस्त्याचं काम चाललं होतं आणि त्यासाठी लागणारी खडी हीच माणसं फोडत होती. हा रस्ता झाला की बस थेट दारापर्यंत येणार, म्हणून बिल्डिंग आनंदात होती. रस्ता करणारे मात्र तिला नको होते. मुलांच्या परीक्षा आल्या, आवाज होतो, पंपाच्या नळावर बायका घागरी लावतात, दोन बादल्या आणि एक चप्पलजोड गेला. मुद्दे त्याने परुळेकराच्या सांगण्यावरून एका चिठ्ठीवर टिपून घेतले होते. परुळेकराची ओळख होती. अर्ज सोमवारी बेलापूरच्या कचेरीत पोचला की आठवड्यात गाडी येऊन प्लॉट मोकळा करील, असा त्याला शब्द मिळाला होता. आणि उजवीकडून चौथी झोपडी, जिच्या दाराला निळ्या लुगड्याचा तुकडा होता, ती गोजराची होती. गोजरा म्हणजे त्याच्या मायची धाकटी बहीण. हे या बिल्डिंगमध्ये एकट्या जयप्रकाशला माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो परुळेकराबरोबर बसस्टॉपकडे निघाला होता. पंपाच्या नळावर बायकांचं भांडण चाललं होतं आणि परुळेकर “ए, चला, निघा” करत पुढे झाला. घागर काखेत घेऊन सरळ झालेली बाई आणि तो समोरासमोर आले. केस पांढरे झाले होते, समोरचे दोन दात नव्हते, पण कपाळावरचं गोंदण तेच. तिने त्याला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद येताना त्याने पाहिला. तो ओठांपर्यंत आला, आणि मग तिची नजर त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर, खिशातल्या पेनावर, शेजारच्या परुळेकरावर गेली आणि तिने पदर पुढे ओढून मान फिरवली. हाक मारली नाही. ओळखल्याची खूणही ठेवली नाही. अर्धी घागर तशीच घेऊन निघून गेली. तो बसमध्ये बसला, खाडीचा वास आला, मिठागरं गेली, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, बरं झालं. ही गोष्ट तो अजून विसरू शकला नव्हता. राग गोजराचा आला असता तर सोपं होतं. पण तिने त्याला वाचवलं होतं आणि त्याने स्वतःला वाचवू दिलं होतं. त्यानंतर ती त्या नळावर कधी दिसली नाही. जयमालाने एकदा खिडकीतून बघत विचारलं होतं, “त्या मावशीबाई तर नव्हेत?” तो म्हणाला, “छे.” जयमालाने पुन्हा विचारलं नाही. न विचारणं हा त्या घराचा रिवाजच झाला होता. आणि परवा जेवताना माय म्हणाली, “गोजरा बी ममईकडंच आलीय म्हनं खडी फोडाया. तुला कुठं दिसली न्हाई का रं?” तेव्हा त्याने ताटातला घास मोडत सांगितलं होतं, “माय, मुंबई का लहान आहे?”

बहात्तरच्या दुष्काळात तो औरंगाबादला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. सुट्टीत घरी आला तर गावात माणूस नाही, सगळे तलावाच्या कामावर. तिथे मैलभर नुसते दगडांचे ढीग आणि ढिगाढिगाशी बसलेल्या बायका. मायच्या आणि गोजराच्या पापण्यांवर पांढरी धूळ बसलेली होती. त्याने शर्ट काढून हातोडी घेतली, अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. गोजरा उठली आणि थेट मुकादमाकडे गेली. “आमचं लेकरू कालेजात हाय. त्येला खडी फोडाया लावू नगा. हजरी लिव्हू द्या. त्येचा ढीग म्या फोडीन.” आणि ती उन्हाळाभर त्याच्या वाटचा ढीग फोडत राहिली. तो छपराखाली सावलीला बसला आणि मस्टरवर नावं लिहू लागला. त्याची कारकुनी तिथून सुरू झाली. संध्याकाळी बायका रांगेने यायच्या, तो एकेकीचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. मायचा अंगठा खरखरीत, गोजराचा मधोमध चिरलेला. कागदावर तो दोन तुकड्यांचा उमटायचा. ती हसून म्हणायची, “दाब रं, नीट दाब. मही दुसरी कोन सही हाय?” आज तेरा-चौदा वर्षांनी इस्त्रीच्या शर्टात खिडकीशी उभं राहून त्याला तो अंगठा आपल्या बोटांत जसाच्या तसा जाणवला, आणि तो झटकन टेबलाशी येऊन बसला. अर्ज पूर्ण करायचा होता. त्याने डोकं खाली घातलं आणि सरळ लिहीत गेला. ‘सदर अनधिकृत झोपडीधारक’, ‘परजिल्ह्यातून आलेले’, ‘आमच्या पाल्यांच्या शिक्षणावर विपरीत परिणाम’, ‘तरी साहेबांनी सदर भूखंड त्वरित मोकळा करावा’. वाक्यं बारा वर्षांच्या सवयीने आपोआप येत होती. त्यांना लिहायला माणूस लागतो असं वाटतच नव्हतं.

साडेदहाला परुळेकर आला. अर्ज उभ्याने वाचला, “एक नंबर” म्हणाला आणि कागद घेऊन सह्यांना बाहेर पडला. तासाभराने परतला तेव्हा मागे जोडलेल्या पानावर सह्यांची रांग लागली होती. दारातून त्याचं लक्ष मायकडे गेलं. ती सतरंजीवर बसून सुपात डाळ पाखडत होती. “आजी, नमस्कार! गावाहून आलात काय? तुमी पण करा एक सही. सह्या जास्त दिसल्या की वजन पडतं. नाव येतं ना लिवायला?”

“येतं तर,” जयमाला आतून म्हणाली. तिला सासूचा अभिमान होता. “प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्यात.”

मायने सूप खाली ठेवलं. “म्या करू? मही सही चालंल?”

“चालेल काय, धावेल!”

तिने हात पदराला पुसले. जयमालाने पोळपाट आणून दिला, मायने तो मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला आणि पेन मुठीत धरलं. जयप्रकाश दाराशी उभा होता. ‘माय, थांब’ एवढेच दोन शब्द लागणार होते. पण त्यांच्यामागे आणखी शब्द यावे लागले असते, परुळेकराने ‘का हो?’ म्हटलं असतं, आणि त्या ‘का हो’ला चार वर्षं एकदम सांगावी लागली असती. तिने ‘पु’ काढला. मग थांबून ‘त’. वर्गात शिकून आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिला सही कुणी मागितली नव्हती. गावात सरपंच, तलाठी, सोसायटीवाला, सगळे सवयीने शाईचं पॅडच पुढे करायचे, आणि ती सवयीने अंगठा द्यायची. ‘पुतळाबाई’ झालं. मग नवऱ्याचं नाव आलं. ते तिने जन्मभर तोंडाने घेतलं नव्हतं, तो मेल्यावरही नाही. पण कागदावर तिने मान जराशी खाली घालून ‘मारोती’ लिहिलं. तिच्या ओठांच्या कडेला घाम आला होता. परुळेकर खरोखरच्या कौतुकाने बघत होता, त्याच्या डोळ्यांत काही काळंबेरं नव्हतं, आणि जयप्रकाशला त्याचीच भीती वाटली. ‘पाईकराव’ची शेवटची अक्षरं ओळ सोडून वर गेली. “वा, आजी!” परुळेकर म्हणाला. मायने कागद लांब धरून बघितला. तिचा चेहरा जयप्रकाशने इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्याच्या नोकरीच्या दिवशीही नाही, मीना झाली तेव्हाही नाही. तो आत जाऊन माठातलं पाणी प्यायला आणि तिथेच उभा राहिला.

बाहेर जवळच्या सारसोळे गावची काशी कोळीण मासळीची पाटी घेऊन जिना चढून आली होती. दर रविवारी यायची. परुळेकर रंगात आला होता. “काशी, तू पण कर सही. झोपड्या हटवायच्या आहेत.”

“मी कनाला करू?” पाटी उतरवत काशी म्हणाली. “आमचे जमिनीवर तुमी आलाव, आता तुमचे म्होरं ती आली. कोनी कोनाला बोलाचा?”

“अगं, पाणी चोरतात पंपाचं!”

“समदी नाय चोरत. येक म्हातारी यवऱ्या लांबशी आमचे इहिरीवर येते. इथं नळ हाय तरी. मी इचारला, तं बोलली, तिकडं आमचं मानूस ऱ्हातं, त्याला खाली बघाया नको.” तिने बोंबलांवरचं फडकं काढलं. “बोला, किती देऊ?”

परुळेकराने बोंबील बघितले, भाव ऐकून तोंड वाकडं केलं आणि कागद बाहेर आलेल्या जयप्रकाशच्या हातात देऊन म्हणाला, “तुमची सही तेवढी राह्यली. आणि पयलं पान फेअर करून टाका, त्या लाइनीत डाग पडलाय. उद्या जाता जाता देऊन या.” जयप्रकाश म्हणाला, “लिहिणाऱ्याने शेवटी करायची असते.” असा कुठे नियम नव्हता. काशी गेली, परुळेकर गेला. माय पुन्हा सूप घेऊन बसली. पण डाळ पाखडेना. सूप मांडीवर, हात सुपात, आणि नजर दाराकडे.

दुपारी जेवणं झाली. चारच्या सुमाराला जयमाला मीनाला घेऊन वरच्या मास्तरांकडे गणित दाखवायला गेली. माय म्हणाली, “परकाश, म्या कशावर सही केली, त्ये वाच.” तो म्हणाला, कचेरीचा कागद आहे, तुला काय कळणार. “न्हाई कळलं तर न्हाई. तू वाच.” त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज त्याचा स्वतःचा वाटत नव्हता, मीटिंगमध्ये वृत्तांत वाचतात तसा सपाट येत होता. पहिल्या ओळीलाच तिने हात वर केला.

“कनिष्ठ म्हंजी?”

“खालचे.”

“आन मध्यम?”

“मधले.”

“खालचे का मधले? येक काय त्ये सांग.”

हेच चाळीस माणसं काल जिन्याखाली उभं राहून एकमेकांना विचारत होती आणि आपणच त्यांना उत्तर दिलं, म्हणून आपली पाठ थोपटली गेली, हे तिला कसं सांगायचं? तो पुढे वाचू लागला. परजिल्ह्यातून आलेले, इथे ती पुन्हा थांबली. “कुठल्या जिल्ह्यातली हायेत?”

“असतील कुठलीबी.”

“परकाश.”

“आपल्या,” तो म्हणाला.

खडीचा आवाज थांबला होता. चहापाण्याची सुट्टी असणार. मायने सूप बाजूला ठेवलं. “ती म्हातारी कोन? त्या कोळनीच्या हिरीवर जाती ती?”

तो खिडकीकडे बघत राहिला, आणि त्याचं ते बघणंच उत्तर झालं. माय उठून खिडकीशी आली. त्याने बोट दाखवलं नाही. तिला लागलंही नाही. निळ्या लुगड्याचा तो तुकडा तिने बघितला आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज आला. ते लुगडं तिचंच होतं, बहिणीला दिलेलं. बराच वेळ ती गजांना धरून उभी राहिली. मग वळली, आणि अगदी सावकाश, लहानपणी चूक कबूल करायला लावायची त्या आवाजात बोलली. “त्या कागदात गोजराला काय म्हनलंय?”

“अनधिकृत झोपडीधारक.”

“ह्ये नाव तिला कोन ठिवलं?”

“मी.”

“तुही सही कुठं हाय?”

“केली नाही अजून.”

“म्या केली,” ती म्हणाली. “तुला ठावं व्हतं, आन तू मला करू दिली.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “मही सही काढ त्यातून.”

“काढता येत नाही, माय. खाडाखोड केली की कागद बाद होतो.”

“मंग व्हऊ दी की बाद.”

तिला हे इतकं सोपं वाटत होतं, आणि होतंही, एक रेघ. पण त्या रेघेखाली परुळेकराची पाठीवरची थाप होती, मीनाच्या वाढदिवसाला आलेल्या बायका होत्या, गणपतीत ‘पाईकराव, तुमीच अध्यक्ष’ होतं, जिन्यात भेटल्यावर सहज विचारलेलं ‘जेवलात काय?’ होतं. हे सगळं त्याने फसवून मिळवलं होतं असं नव्हे. माणसं चांगली होती. कदाचित सांगितलं असतं तरी तशीच राहिली असती. पण हे ‘कदाचित’ अजमावून बघायची छाती त्याला चार वर्षांत झाली नव्हती. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी पेनाचं टोपण त्याने उघडलं नाही. माय त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने बघणं सोडलं, वायरची पिशवी काढली, तीत दोन लुगडी भरली, मिश्रीची डबी भरली, गावाहून आणलेल्या तुरीच्या डाळीतली निम्मी डाळ फडक्यात बांधली.

“मला गोजराकडं नेऊन घाल.”

“जयमाला येऊ दे. चहा घे, मग जाऊ.”

त्याने घड्याळाकडे बघितलं. साडेचार. पावणेसहाला टीव्हीवर रविवारचा सिनेमा लागतो, अख्खी बिल्डिंग चार टीव्ह्यांसमोर दाटीवाटीने बसते आणि सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या होतात. तासभर काढला की कुणाच्या नजरेस न पडता प्लॉट ओलांडता येईल, हे त्याच्या डोक्यात आपसूक जमून आलं होतं. ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती. इथे राहून ती अंगात आली होती. माय त्याच्याकडे बघून काय समजायचं ते समजली. “दिसाउजेडी जायचंय मला,” ती म्हणाली. “बहिनीकडं चाल्ले. चोरी न्हाई करायला.” आणि चपला घालून जिना उतरू लागली.

तो मागून गेला. पिशवी त्याने घेतली. अर्ज टेबलावर ठेवावा की कसं हे न कळून त्याने तो घडी घालून खिशात कोंबला होता आणि जिना उतरताना तो छातीशी करकरत होता. बाहेर ऊन कलतं झालं होतं, वारा खाडीवरून येत होता. गॅलऱ्यांमधून रविवारची माणसं होती. कुणी वाळलेले कपडे काढत होतं, कुणी वेणी घालून घेत होतं. बिल्डिंगचं कुंपण संपेपर्यंत तीस-चाळीस पावलं होती आणि प्रत्येक पावलागणिक त्याची पाठ ताठत गेली. माय पुढे चालत होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही; तो येतो की नाही याची तिला फिकीर नसावी, किंवा ती फिकीर तिने दुपारीच टाकून दिली असावी. कुंपणातल्या फटीतून ती पलीकडे गेली. खडीच्या ढिगांमध्ये बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

“ओ पाईकराव!” वरून परुळेकराची हाक आली. तो गॅलरीत बनियनवर उभा होता. “झाला काय अर्ज फेअर? आणि तिकडं खंय चाललात, त्या झोपड्यांत?”

जयप्रकाश फटीशी थांबला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतली डोकी वळलेली त्याला न बघता कळली. “मावशीकडे,” तो म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला.

“काय? ऐकू नाय आलं!”

आता काहीही सांगता आलं असतं. आईला फिरवून आणतो. नळाचं बघून येतो. परुळेकराने ते आनंदाने मानलं असतं. जयप्रकाशने पिशवी खाली ठेवली, खिशातला कागद काढला आणि तो हातात तसाच धरून, वर तोंड करून, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो ओरडला, “मही मावशी ऱ्हाती तिथं! गोजरा! मायची सख्खी बहीण हाय ती!”

परुळेकराचा हात कठड्यावर होता तसाच राहिला. वाळत घातलेली एक चादर वाऱ्याने फडफडली आणि कुणीतरी ती आत ओढून घेतली. जयप्रकाशने पिशवी उचलली. माय पंधरावीस पावलं पुढे निघून गेली होती. ती थांबली, आणि तो येईपर्यंत तिथेच उभी राहिली.